मीम, लाम, काफ : घरातला जुना उर्दू कागद वाचताना

‘मलिक कासिम’ नावाचा एक माणूस मी एका खरेदीखतात उगाच जन्माला घातला. खत १३३८ फसलीचं (फसली म्हणजे संस्थानातलं महसुली साल), परभणीकडचं. चतुःसीमा नेहमीच्या पद्धतीने लिहिलेली : मशरिक, मगरिब, शुमाल, जुनूब. मशरिकपुढे, म्हणजे पूर्वेला, तीन अक्षरं होती, मीम, लाम, काफ (म, ल, क), आणि त्यांच्यापुढे कासिम. मी ‘मलिक कासिम’ वाचलं, भाषांतरात तसंच उतरवलं आणि खाली सही केली.

आठ दिवसांनी खत आणणारा मुलगा परत आला. “काकू, गावात म्हाताऱ्या माणसांना विचारलं. कासिमभाईंचं रान होतं म्हणतात, पण मलिक कुणी नव्हतं.” मी कागदाची प्रत पुन्हा पुढे ओढली. पश्चिमेच्या ओळीवर घडी पडलेली होती, म्हणून ती मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात वाचली होती. तिथेही तीच तीन अक्षरं होती, आणि पुढे विठोबा. तिथे मात्र मी बरोबर ‘विठोबाच्या मालकीची जमीन’ असं लिहिलं होतं. शब्द तोच, पान तेच, लिहिणारा हात तोच. संध्याकाळी मलिक वाचला, सकाळी मिल्क. दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहिल्या असत्या तर चूक तिथेच कळली असती. खरं वाचन होतं मिल्क-ए-कासिम, कासिमची मिळकत. ते भाषांतर मी परत मागून घेतलं, दुरुस्त करून दिलं, आणि तेव्हापासून वाचायची एक पद्धत लावून घेतली. तीच इथे सांगते.

उर्दू मला आजोबांनी शिकवली. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालं. हैदराबाद संस्थानात १८८०च्या दशकात फारसी जाऊन उर्दू कारभाराची भाषा झाली, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झालं, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाड्यातली दप्तरं प्रामुख्याने याच लिपीत भरत गेली. २०२३ साली निजामकाळातल्या नोंदी तपासायला सरकारने समिती नेमली आणि गावोगावची गाठोडी सुटली. लोक आता मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात. त्यातल्या अनेकांना लिपी शिकायची हौसही असते. अक्षरं महिनाभरात येतात. अडतं ते पुढे, एकच शब्द तीन तऱ्हांनी वाचता येतो तिथे.

असं का होतं ते आधी समजून घ्या. आपण देवनागरीत ‘कि’ लिहितो तेव्हा इकार कागदावर दिसतो. अरबी वळणाच्या लिपीत दीर्घ स्वरांना अक्षरं आहेत, ऱ्हस्व स्वरांना फक्त खुणा. जबर म्हणजे अ, ती वर तिरकी रेघ. जेर म्हणजे इ, तीच रेघ खाली. पेश म्हणजे उ, वर बारीक वावासारखी खूण. लहान मुलांच्या पुस्तकात आणि कुराणात या खुणा देतात. पत्रात, वर्तमानपत्रात, खतात देत नाहीत, कारण वाचणाऱ्याला शब्द आधीच ठाऊक आहे असं धरलेलं असतं. म्हणून मीम-लाम-काफ या तीन अक्षरांत मुल्क आहे (देश, आपला मुलूख), मलिक आहे (राजा, मलिक अंबराचा मलिक), मिल्क आहे (मालमत्ता, आपल्या मिळकतीच्या पोटातला) आणि मलक म्हणजे देवदूतही आहे. चारही शब्द अरबी, पहिले तीन एकाच धातूचे. अरबीत धातूची व्यंजनं कायम राहतात आणि स्वर बदलून अर्थ फिरतो. काफ-ते-बे ही अक्षरं कतब वाचली की ‘त्याने लिहिलं’, कुतिब वाचली की ‘लिहिलं गेलं’, कुतुब वाचली की ‘पुस्तकं’. त्या भाषेला ही लिपी शोभते, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यात साचे तयार असतात. फारसीने आणि उर्दूने तीच लिपी उचलली, पण त्यांच्या स्वतःच्या शब्दांना ते साचे नाहीत. म्हणून आपल्याला जास्त कष्ट पडतात. या लिपीत लिहिणाऱ्या सगळ्याच भाषांचं असं नाही. उइगुर लोकांनी याच अक्षरांत सगळे स्वर लिहायची सोय करून घेतली आहे.

मोडी वाचलेल्यांना हे फारसं परकं वाटणार नाही. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत आणि आपण अंदाजाने वाचतोच.

आता पद्धत. मूळ कागदाला पेन्सिल लावायची नाही, झेरॉक्स काढायची आणि जरा मोठी करून काढायची. अडलेला शब्द आला की पहिला सुचलेला अर्थ लिहू नका. समासात अक्षरांची नावं लिहा आणि शेजारी शक्य ती सगळी वाचनं. पहिल्या अक्षराला अ, इ, उ लावून पाहा, मग दुसऱ्याला, आणि जे शब्दच होत नाहीत ते खोडा. पाच मिनिटांचं काम आहे. मलिक कासिमच्या वेळी मी ही पाच मिनिटं वाचवली होती.

एक शब्द पुरता करून दाखवते. मीम, छोटी हे, रे. हा निजामकाळच्या कागदात सारखा भेटतो. पेश लावली की मुहर, म्हणजे शिक्का, आपली मोहर. जेर लावला की मेहर, म्हणजे माया, आपल्या मेहेरबानातला. जबर लावला की महर, निकाहात नवऱ्याने बायकोला देऊ केलेली रक्कम. इतकं कोशात मिळतं. पण हैदराबादच्या कागदात चौथा अर्थ आहे आणि नवा माणूस हमखास तिथे घसरतो : मेहर हा महिना आहे. संस्थानच्या फसली वर्षाचे महिने फारसी होते. आजर, दै, बहमन, इस्फंदार, फरवरदी, अर्दिबेहिश्त, खुरदाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजरने सुरू व्हायचं. तेव्हा ‘१२ मीम-हे-रे १३३८ फ.’ दिसलं तर तिथे शिक्काही नाही आणि स्त्रीधनही नाही, ती तारीख आहे. फसली सालात ५९० मिळवले की ते वर्ष ज्या साली सुरू झालं ते इसवी साल येतं, इथे १९२८. मेहर अकरावा महिना, म्हणून कागद १९२९च्या ऑगस्टमधला. हाच शब्द ‘दस्तखत’च्या सोबतीला आला तर मुहर वाचा. त्याच्या आधी ‘जर’ हा शब्द आणि आसपास निकाह असेल तर महर. एका बाईंच्या वारसाहक्काचा कागद माझ्याकडे आला होता, त्यात एकाच पानावर हे तिन्ही होते. मी तिन्हींभोवती तीन रंगांनी गोल केले आणि मगच भाषांतराला हात घातला.

तीर महिन्याचंही तेच, तो बाणही होतो. आणि दै महिना लिहिताना दाल आणि ये, म्हणजे डोळ्याला चक्क ‘दे’ दिसतो. आकड्याच्या मागे ‘दे’ आला तर काही द्यायचं नाही, नोव्हेंबर समजायचा.

वाव आणि ये यांच्यासाठी वेगळी सवय लावावी लागते. ही अक्षरं दिसतात म्हणून वाचक निर्धास्त होतो, पण वाव हा ऊ, ओ, औ आणि व असा चौघांचा भार वाहतो, आणि ये हा ई, ए, ऐ आणि य यांचा. दाल-वाव-रे म्हणजे दूर किंवा दौर. मीम-ये-लाम म्हणजे मील, मेल किंवा मैल. म्हणजे अंतर, सलोखा किंवा मळ. आपण मराठीत अंतरालाच मैल म्हणतो, त्यामुळे मराठी माणूस इथे विशेष चुकतो. पे-ये-रे म्हणजे पीर, किंवा पैर म्हणजे पाय. पीर म्हणजे साधुपुरुष, आणि पीर म्हणजे सोमवारही. मुदतीच्या कागदात ‘पीर के दिन’ आलं की दर्ग्याची वाट धरू नका, पैसे सोमवारी द्यायचे आहेत.

शीन-ये-रे हा तर फार जुना दाखला. शेर म्हणजे सिंह, शीर म्हणजे दूध. ईदेला शेजारून येतो तो शीरखुर्मा दूध आणि खजुराचा, त्यातला हा शीर. फारसी कवी रूमींनी तेराव्या शतकात आपल्या मसनवी या काव्यात हीच जोडी घेतली आहे : संतांच्या वागण्याचं माप स्वतःवरून काढू नका, लिहिताना शेर आणि शीरही सारखेच दिसतात. उर्दूने हे दोन उच्चार अजून वेगळे ठेवले आहेत. इराणात आज सिंह, दूध आणि पाण्याचा नळ, तिघांनाही शीरच म्हणतात.

इराणचा विषय निघाला म्हणून आणखी एक, कारण हा शब्द मला फार आवडतो. काफ-रे-मीम. करम म्हणजे कृपा, किर्म म्हणजे अळी. किर्म आणि आपला कृमी हे सख्खे नातेवाईक, आणि त्या किड्यापासून निघालेल्या रंगाचं नाव अरबीतून फिरून आपल्याकडे किरमिजी म्हणून आलं. आजच्या इराणात याच तीन अक्षरांत तोंडाला लावायचं क्रीमही लिहितात.

सगळी वाचनं समोर आली की निवड कशी करायची? आजोबा म्हणायचे, “पोरी, आधी शेवटचं क्रियापद गाठ.” उर्दू वाक्य मराठीसारखंच क्रियापदावर संपतं, आणि लिंग, वचन, काळ सगळं तिथे बांधलेलं असतं. काफ-लाम म्हणजे कल किंवा कुल. शेवटी ‘था’ आहे का ‘होगा’ आहे ते पाहिलं तर कल म्हणजे काल की उद्या तेही सुटतं, कारण उर्दूत दोन्हीला एकच शब्द. पुढे ‘रकबा’ (क्षेत्रफळ) किंवा ‘रकम’ असेल तर काळाचा प्रश्नच नाही, तो कुल, आपल्या कुलमुखत्यारपत्रातला. काफ-ये-अलिफ हा क्या असेल किंवा किया. आधी कर्त्याला ‘ने’ लागलेला असेल आणि हा शब्द वाक्याच्या शेवटी असेल तर किया. मीम-ये आणि शेवटचा नाकातला नून म्हणजे में किंवा मैं. नामाच्या मागोमाग आला तर में, जबाबाच्या पहिल्याच ओळीत आला तर मैं. यात फारशी अडचण येत नाही.

बे-नून जरा सांभाळून वाचा. नावांच्या मध्ये असेल तर बिन, म्हणजे मुलगा, ‘रामजी बिन तुकोजी’ असं आपल्या मोडी कागदांतही असतं. दुसऱ्या जागी हाच बिन म्हणजे शिवाय, बिनचूकमधला. शिवाय बन म्हणजे रान, आणि बुन म्हणजे विण. पण उर्दू दप्तरात वडिलांचं नाव सांगायला बहुधा ‘वल्द’ येतो, त्यामुळे कारकुनाने आधीच्या नोंदींत काय वापरलंय ते पाहून घ्यावं. प्रत्येक कारकुनाची एक खोड असते. दहा नोंदी वाचल्या की ती कळते आणि अकराव्या नोंदीत तीच उपयोगी पडते.

मलिक कासिमने मला शिकवलेली गोष्ट अशी : दोन नामं लागोपाठ आली आणि मध्ये का, के, की काही नसेल तर तिथे न लिहिलेला ‘ए’ असण्याची शंका घ्या. याला इजाफत म्हणतात. फारसीतून आलेली ही जोडणी म्हणजे पहिल्या शब्दाखालचा एक जेर, आणि तो बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. मिल्क-ए-कासिम, जर-ए-महर, हुदूद-ए-अरबा म्हणजे चतुःसीमा. हा ‘ए’ दिसत नाही पण मालक ठरवतो. तेव्हा असा शब्द भेटला की त्याच पानावर तो आणखी कुठे आहे ते शोधा आणि सगळ्या जागा एकाच वाचनाने जमतात का ते बघा. विठोबापुढे मलिक बसत नाही, कासिमपुढेही बसायला नको होता.

मराठी नावांचं दुखणं निराळं. उर्दूला ळ नाही, ण नाही. कारकून ळचा ल करतो, णचा न करतो. काफ-वाव-लाम-ये हा कोळी असेल किंवा कोली असेल. गावांच्या नावांत अंदाज करूच नका. तालुक्यातल्या गावांची यादी समोर ठेवा, शेजारच्या शिवारांची नावं पाहा आणि जुळवा. आडनावासाठी घरातल्या वयस्कर माणसाला फोन करा. कोशात न सापडणारी गोष्ट एखादी आजी एका वाक्यात सांगते.

हस्ताक्षर जुनं आणि घाईचं असेल तर अडचण वाढते. गाफच्या डोक्यावर दोन रेघा हव्यात, लिहिणारा एकच देतो, म्हणजे तो काफ दिसतो. मग काफ-लामच्या यादीत गुल म्हणजे फूल आणि गिल म्हणजे चिखल हेही येतात. आपला भिंतीचा गिलावा त्या गिलचाच. छोटी ये आणि बडी ये यांची अदलाबदल झाली की ‘की’ आणि ‘के’ एकसारखे होतात. छोटी हे आणि दोचश्मी हे (ख, घ यांतल्या हकारासाठीची) यांत फरक न करणारे जुने लेखक पुष्कळ होते, त्यांच्या कागदात ‘कहा’ आणि ‘खा’ एकच. आणि टिंबं गळाली तर बे, पे, ते, नून हे शब्दाच्या मध्ये नुसते दात उरतात. कुणबी हा शब्द काफ, नून, बे, ये असा लिहितात. मधली दोन अक्षरं म्हणजे दोन दात, एकाच्या वर टिंब, दुसऱ्याच्या खाली टिंब. या नोंदीवर एखाद्या पोराचा प्रवेश अडलेला असतो, म्हणून ती मी भिंगाखाली आणि दिवसाच्या उजेडातच वाचते. टिंब दिसलं तर दिसलं म्हणून लिहिते, नाही दिसलं तर ‘टिंब दिसत नाही’ असं लिहिते. समोरचा कितीही आशेने बघत असला तरी टिंब आपल्या मनाने द्यायचं नाही.

कोश जवळ असावाच. प्लॅट्सचा १८८४चा उर्दू कोश इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यात एका लिहिण्याखालची वेगवेगळी वाचनं उच्चारासकट एकाखाली एक मिळतात. तो इंग्रजीत आहे, पण आपल्या कामाला उच्चार पुरतो. फारसी शब्दाचं मराठीत काय झालं हे पाहायला माधव ज्युलियनांचा १९२५चा फारसी-मराठी कोश. तो मी आजोबांच्या पेटीतून घेतला, पुठ्ठा निघालाय, पण पानं शाबूत आहेत.

गझल वाचायला उर्दू शिकणाऱ्यांना एक जास्तीचा आधार असतो, वृत्ताचा. काफ (मोठा), दाल, रे हा कद्र आहे की कदर, ते मात्रा मोजल्या की ठरतं. खतपत्राला वृत्त नसतं.

उरतो अलिफ-सीन. इस आणि उस. हा किंवा तो. अलिफ-नूनही तसाच, इन किंवा उन. क्रियापद मदत करत नाही, लिंग मदत करत नाही, दोन्ही वाचनांनी वाक्य सारखंच चालतं. काळजीने लिहिणारा उसवर पेश देतो. न देणारेही खूप. असा शब्द आला की मी मागे जाते, जवळचा माणूस कोण आणि लांबचा कोण ते ठरवते, आणि तरीही सुटलं नाही तर दोन्ही वाचनं भाषांतरात लिहिते. त्याने सही लहान होत नाही.

गेल्या महिन्यापासून माझ्या टेबलावर एक वाटणीपत्र आहे. दोन भाऊ, एक विहीर. शेवटच्या ओळीत कुआँ, मग अलिफ-सीन, मग ‘का रहेगा’. अलिफच्या डोक्यावर एक ठिपका आहे. भिंगाखाली कधी तो पेश वाटतो, कधी शाईचा डाग. दोन्ही घरची माणसं वेगवेगळ्या दिवशी येऊन बसून गेली, चहा घेतला, दोघांनाही मी तोच ठिपका दाखवला. भाषांतरात लिहिलंय : “विहीर याची (किंवा त्याची) राहील. मुळात अलिफ-सीन, पेश स्पष्ट नाही.” आणि दोघांनाही सांगितलंय की १९५४च्या खासरा पाहणीत, म्हणजे शेतवार सरकारी नोंदीत, ती विहीर कुणाच्या नावाखाली लागली ते काढून आणा. नक्कल अजून आलेली नाही.